तीस वर्षांचं कासव आणि तीन वर्षांचा व्हिसा

पत्राचा गोषवारा: नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. नवरा-बायको दोघंही आयटीत. नवऱ्याचा एच-वन-बी दर तीन वर्षांनी वाढवून घ्यावा लागतो, ग्रीन कार्डाची रांग कधी सरकेल याचा भरवसा नाही, राहतं टाउनहाउस भाड्याचं. मुलगा नऊ वर्षांचा. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ अलीकडेच वृद्धनिवासात राहायला गेले आणि त्यांनी जवळजवळ तीस वर्षं काचेच्या टाकीत पाळलेली डॉटी नावाची बॉक्स टर्टल जातीची कासव-मादी तिथल्या एका प्राणी-मदत संस्थेकडे गेली. आली तेव्हा तिच्या पापण्या सुजलेल्या होत्या आणि चोच वाढून वाकडी झाली होती. आता ती बरी आहे आणि संस्था तिच्यासाठी घर शोधते आहे. मुलगा शेजाऱ्यांकडे जाऊन तिला लेट्यूस भरवायचा, त्यामुळे त्याने हट्ट धरलाय. नवऱ्याचं म्हणणं असं की एवढीच कळकळ असेल तर घरामागच्या झाडीत सोडून द्या, ती मूळची तिथलीच. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई म्हणतात, कासव घरात येणं शुभ, नाही म्हणू नका. संस्थेला महिनाअखेरपर्यंत उत्तर हवंय. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "ताई, जे आपण आयुष्यभर सांभाळू शकणार नाही, ते घरात आणायचा आपल्याला हक्क आहे का?"

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

'आयुष्यभर' म्हणजे कुणाच्या आयुष्यभर? बॉक्स टर्टल तीस-चाळीस वर्षं सहज जगतं, पन्नाशी गाठणारी पुष्कळ असतात आणि शंभरी ओलांडलेल्यांच्याही नोंदी आहेत. डॉटी शेजाऱ्यांकडे तीस वर्षं होती, म्हणजे तिचं वय त्याहून जास्तच. तिच्या पाठीवरच्या वलयांवरून ते कुणी नेमकं सांगत असेल तर फार विश्वास ठेवू नका. वय वाढलं की ती वलयं झिजतात आणि मोजण्यासारखी राहत नाहीत. तिच्यापुढे अजून वीस वर्षं असतील, कदाचित चाळीस. तुमच्या शेजाऱ्यांकडे नागरिकत्व होतं, स्वतःचं घर होतं, व्हिसाची कसलीच चिंता नव्हती, आणि तरी एक दिवस त्यांना तिला दुसऱ्यांच्या हाती द्यावं लागलं. प्रौढ वयात कासव घेणाऱ्या जवळपास प्रत्येक माणसावर ही वेळ येते. तुमची अडचण व्हिसामुळे आधी दिसली, एवढंच.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा बदलून तुमच्यासमोर ठेवते. आपण इथे आहोत तेवढी वर्षं तिला नीट ठेवू शकू का, आणि जायची वेळ आली तर आज आहे त्याहून चांगल्या तब्येतीत, चांगल्या हातांत सोपवू शकू का? या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला खरंच शोधता येईल. 'कायमचं सांभाळीन' असं मनापासून म्हणणारी माणसं अनेकदा पुढची व्यवस्था काहीच करून ठेवत नाहीत. तुम्ही आत्ताच तो विचार करताय. तुम्हाला त्याचा अपराध वाटतोय. माझ्या मते ही तुमची सगळ्यात मोठी पात्रता आहे.

तुमच्याच राज्यात 'बॉक्स टर्टल कनेक्शन' नावाचा एक अभ्यास चालू आहे. या कासवांची गणना आणि नोंदी किमान शंभर वर्षं ठेवायच्या, असं ठरवूनच तो सुरू झालेला आहे. म्हणजे पहिली नोंद करणाऱ्याला शेवटची नोंद पाहायला मिळणार नाही, हे धरूनच काम आखलंय. इतकं जगणाऱ्या प्राण्याशी माणसाचं नातं असंच असू शकतं. आपल्या वाट्याची वर्षं नीट करायची आणि वही पुढच्याच्या हातात द्यायची.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. त्यांचा हेतू चांगला आहे आणि तर्कही वरवर पटणारा आहे. ईस्टर्न बॉक्स टर्टल हा नॉर्थ कॅरोलायनाचा राज्य सरपटणारा प्राणी, १९७९ पासून. तुमच्या घरामागच्या पानगळीत अशी कासवं खरोखरच असतील. पण डॉटीला तिथे सोडणं म्हणजे तिची सुटका नव्हे.

बॉक्स टर्टलचं सगळं आयुष्य काही एकरांच्या तुकड्यात जातं. पाणी कुठे, मशरूम कुठे उगवतात, थंडीत कुठल्या उताराला माती भुसभुशीत असते, हे सगळं त्याला त्या तुकड्यातलं पाठ असतं. तिथून उचलून दुसरीकडे ठेवलं तर ते नवीन जागी रमत नाही, मूळ जागा शोधत चालत सुटतं. त्या चालण्यात रस्ते येतात, गवत कापायची यंत्रं येतात. डॉटीची मूळ जागा कुठली हे आज कुणालाच माहीत नाही, आणि तीस वर्षांत तिथे कदाचित एखादं दुकानांचं संकुल उभं राहिलं असेल. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पाळलेलं कासव स्वतः ठणठणीत दिसत असलं तरी श्वसनाचे संसर्ग किंवा रानाव्हायरससारखे रोग घेऊन जाऊ शकतं. मादी सात ते दहा वर्षांची झाल्यावर अंडी घालायला लागते, एका वेळी साधारण तीन ते सहा, आणि त्यातलं एखादं पिल्लू मोठं झालं तरी पुष्कळ. इतक्या सावकाश वाढणाऱ्या जमातीत रोग शिरला तर ती भरून यायला कित्येक दशकं लागतात. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत या प्रजातीची नोंद आधीच 'असुरक्षित' म्हणून आहे. पाळीव कासव रानात सोडण्यावर अनेक राज्यांत बंदीही असते. तेव्हा हा पर्याय कृपया मनातून काढून टाका आणि यजमानांना हा परिच्छेद वाचायला द्या.

हा नियम रानातल्या कासवालाही उलट बाजूने लागू होतो. रस्ता ओलांडताना एखादं दिसलं आणि गाडी थांबवणं सुरक्षित असेल, तर त्याचं तोंड ज्या दिशेला असेल त्याच बाजूला, रस्त्याच्या कडेपलीकडे नेऊन ठेवायचं. घरी आणायचं नाही, 'चांगल्या तळ्याजवळ' नेऊन सोडायचं नाही. गाडीखाली येऊन जखमी झालेल्या रानकासवांसाठी रॅलेच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांचं कासव-बचाव पथक आहे. तिथेही बऱ्या झालेल्या कासवाला सापडलं त्याच ठिकाणी सोडायचा आग्रह असतो, म्हणून कुणी जखमी कासव उचललं तर नेमकी जागा लिहून ठेवावी. डॉटीसुद्धा बहुधा अशीच कुणीतरी मायेने रस्त्यावरून उचलून घरी आणलेली असणार. त्या मायेची किंमत तिने तीस वर्षं काचेच्या भिंतीला धडका देत मोजली आहे.

सासूबाईंच्या म्हणण्याला मी हसणार नाही. आपल्या शंकराच्या देवळात नंदीजवळ दगडी कासव असतं, लहानपणापासून आपण त्याला हात लावून पुढे जातो. शुभाची ही कल्पना फार जुनी आहे आणि तिच्यात जीवाबद्दलचा आदर आहे. त्यांच्याशी बोलताना त्यांच्याच पदरातली एक गोष्ट घ्या. आपल्या संतांनी आईच्या मायेसाठी कासवीचा दाखला दिला आहे: कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. निसर्गात बॉक्स टर्टलची मादी अंडी मातीत पुरून निघून जाते, परत बघायला येत नाही. पण घरात सांभाळलेल्या कासवाच्या बाबतीत नजरेने वाढवणं हे अक्षरशः खरं आहे. त्याला उचलणं, कुरवाळणं, मांडीवर घेणं आवडत नाही. तसं केलं की ते पाय आणि डोकं आत ओढतं, पोटाकडच्या कवचाची बिजागरी मिटते आणि डबी घट्ट बंद होते. आपल्याला ते गोड वाटतं, पण ते घाबरलेलं असतं. रोज शांतपणे पाच मिनिटं पाहणं, हीच त्याची सेवा. डोळे उघडे आहेत का, नाकाशी बुडबुडे आहेत का, चालताना पोट जमिनीपासून वर उचललं जातंय का. सासूबाई दिवसभर घरात असतात, माणसं निरखायची त्यांना सवय असेलच. हे काम त्यांच्याइतकं चांगलं कुणी करणार नाही.

फक्त दोन गोष्टी त्यांना स्पष्ट सांगा. एक, डॉटीला हात लावून नमस्कार केला तर लगेच साबणाने हात धुवायचे. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, कासव निरोगी दिसलं तरीही. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळायला विकायला बंदी आहे, कारण लहान मुलं ती तोंडात घालायची. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीपुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांना धोका जास्त. सासूबाईंना मधुमेह किंवा दुसरा काही आजार असेल तर त्यांनी पाहावं, हात लावू नये. तिची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही धुवायची नाहीत, त्यासाठी वेगळी बादली ठेवा. दोन, पोळी, भात, दूध, प्रसादाचा शिरा यांतलं काहीही तिला द्यायचं नाही. प्रेमाने काही द्यावंसं वाटलं तर उकडलेलं रताळं किंवा लाल भोपळ्याचा तुकडा, बिनमिठाचा. तिला तो औषधासारखा उपयोगी पडेल.

असं का, ते सांगते, कारण तिच्या सुजलेल्या पापण्यांची गोष्ट यातच आहे. बॉक्स टर्टल नुसतं पाला खाणारं नाही. गांडूळ, गोगलगायी, किडे, मशरूम, गळून पडलेली फळं, कोवळी पानं, सगळं खातं. वर्षानुवर्षं आइसबर्ग लेट्यूसवर ठेवलं की 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं, पापण्या सुजून डोळे मिटतात, डोळ्यांनी दिसलं नाही की ते खात नाही, आणि खाल्लं नाही की आणखी खंगतं. कधी डोक्याच्या बाजूला, कानापाशी, सुपारीएवढी गाठ येते. तो पूचा गोळा असतो आणि तो शस्त्रक्रिया करून काढावा लागतो. चोच वाढण्यातही निकृष्ट आहाराचा हात असतो. हे वाचून घाईने 'अ' जीवनसत्त्वाचे थेंब विकत घेऊ नका. जास्त झालं तर तेही विषारी ठरतं, मात्रा डॉक्टरनेच ठरवायची.

तुमच्या मुलाने तिला लेट्यूस भरवलं म्हणून तो आता स्वतःला दोष देईल, असं होऊ देऊ नका. त्याला जे दिलं गेलं ते त्याने भरवलं. त्याला आता खरा आहार शिकवा. ताटलीत साधारण अर्धा भाग किडे-गांडुळं, उरलेल्यात पालेभाज्या, भाज्या, मशरूम, थोडी स्ट्रॉबेरी किंवा ब्लूबेरी. पाल्यात मोहरीची पानं, कोलार्ड, फवारणी न केलेलं डँडेलियन चालतं. पालक नेहमीचा नको, त्यामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा कॅल्शियमची पूड भुरभुरावी आणि तिच्या जागेत समुद्रफेसाचा एक तुकडा ठेवावा, पोपटाच्या पिंजऱ्यात ठेवतात तोच. मोठ्या कासवाला एक दिवसाआड खाणं पुरतं. सुरुवातीला ती पाल्याला तोंड लावणार नाही, गांडूळच हवं म्हणेल. पाला बारीक चिरून गांडुळाच्या तुकड्यांत कालवला की हळूहळू खायला लागते.

मुलाबद्दल आणखी एक. 'मी सगळं करीन आई' असं त्याने म्हटलंय, तुम्ही पत्रात लिहिलंय. तो खोटं बोलत नाहीये, पण नऊ वर्षांच्या मुलाच्या शब्दावर तीस वर्षांचा जीव टांगता येत नाही. नऊ वर्षांनी तो कॉलेजला जाईल. मुख्य जबाबदारी तुमची किंवा यजमानांची, हे आधी ठरलं पाहिजे. ते ठरल्यावर मुलाला खरं काम द्या, लुटुपुटूचं नको. दर रविवारी तिचं वजन ग्रॅममध्ये करून वहीत लिहिणं हे ते काम. त्यासाठी वेगळा काटा घ्या, कणिक मोजायचा नको. कासवाचा आजार बाहेर दिसायच्या कितीतरी आधी वजनात दिसतो, आणि डॉक्टर पहिल्यांदा तीच वही मागतील.

आता घर. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तुमचं उत्तर 'हो' असेल की 'नाही' ते बहुतेक इथेच ठरेल.

काचेची टाकी नको. तिला काच समजत नाही, पलीकडचं दिसतं पण जाता येत नाही म्हणून ती दिवसभर कोपऱ्यात खरडत राहते. भिंती न दिसणाऱ्या, म्हणजे लाकडी किंवा अपारदर्शक प्लास्टिकच्या हव्यात. घरात निदान चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा, जमलं तर याहून मोठी. तळाला चार-सहा इंच ओलसर माती आणि नारळाचा भुसा, वर वाळलेली पानं, म्हणजे तिला पुरून घेता येईल. हवेत साठ-ऐंशी टक्के ओलावा लागतो, आणि हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या अमेरिकन घरात हेच सगळ्यांत अवघड जातं. रोज पाणी शिंपडायचं, माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतपत. पाण्यासाठी कुंडीखालची मातीची मोठी थाळी उत्तम. उथळ असते, खरखरीत असते, तिला आत-बाहेर करता येतं. ती त्याच पाण्यात घाण करेल, म्हणून पाणी रोज बदलायचं. एका टोकाला दिव्याखाली पंच्याऐंशी ते नव्वद अंश फॅरनहाइट, दुसरं टोक सत्तरीत, म्हणजे कुठे बसायचं ते ती ठरवेल.

आणि यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा दिवा. हा शब्द दुकानदाराकडून ऐकाल तेव्हा महागाचा म्हणून टाळावासा वाटेल, टाळू नका. त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांत आणि कवचात जात नाही. खिडकीतून येणारं ऊन चालत नाही, कारण काच नेमके तेच किरण अडवते. दिवा पेटलेला दिसत असला तरी त्यातले हे किरण संपत जातात, म्हणून सहा महिने ते वर्षभरात तो बदलायचा. दिव्यावर मार्करने तारीख लिहून ठेवा.

या सगळ्याहून चांगलं म्हणजे उघड्यावरचं कुंपण. तुमच्याकडचं हवामान तिच्यासाठी घरच्यासारखंच आहे. चार बाय आठ फुटांचं लाकडी कुंपण, दीड फूट उंच, वरच्या कडेला आत वळलेली पट्टी कारण ही कासवं चांगली चढतात, आणि फळ्या जमिनीत सहा ते बारा इंच गाडलेल्या, कारण खणतातही. वर जाळीचं झाकण कुलपासकट. रॅकून हे तिकडचे रात्री फिरणारे रानटी प्राणी हाताने कड्या उघडतात आणि एका रात्रीत कासवाचे पाय खाऊन जातात, मी अतिशयोक्ती करत नाही. आत अर्धी सावली, एखादं झुडूप, पानांचा ढीग. पण तुमचं घर भाड्याचं आहे आणि टाउनहाउसच्या वसाहतीचे नियम असतील. घरमालकाला आणि वसाहतीच्या मंडळाला लेखी विचारा, आणि लेखी उत्तर मिळाल्याशिवाय संस्थेला होकार देऊ नका. लपवून पाळलेला प्राणी पहिल्या तक्रारीला पुन्हा बेघर होतो. त्याच आठवड्यात राज्याच्या वाइल्डलाइफ रिसोर्सेस कमिशनकडेही चौकशी करा. बॉक्स टर्टल बाळगण्याचे कायदे प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, कुठे परवाना लागतो, कुठे लागत नाही, आणि ते बदलतात. उद्या नोकरीमुळे दुसऱ्या राज्यात जावं लागलं तर हेच प्रश्न तिथे पुन्हा विचारावे लागतील.

डॉक्टर सगळ्यांकडे असतो तो कुत्र्या-मांजरांचा. तुम्हाला सरपटणाऱ्या प्राण्यांचा लागेल. त्यांची एक संघटना आहे, असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटेरिनेरियन्स, तिच्या यादीत जवळचं नाव शोधा आणि तपासणीची फी आधीच फोनवर विचारा. पहिल्या भेटीत विष्ठेची जंतांसाठी तपासणी, चोच आणि नखं पाहणं, एवढं हवंच. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास, दोन आठवडे काहीही न खाणं, कवचावर मऊ किंवा वास येणारी जागा, यांतलं काही दिसलं तर वाट पाहायची नाही.

थंडीत काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण नोव्हेंबरात प्रश्न येईलच. रानातली कासवं तुमच्याकडे मार्चपर्यंत मातीत झोपतात. डॉटी आत्ताच आजारातून उठली आहे आणि नव्या घरी येणार आहे, म्हणून पहिला हिवाळा तिला झोपू द्यायचं नाही, घरात उबेत ठेवायचं आणि खाऊ घालायचं. पुढच्या वर्षी डॉक्टर ठरवतील. आजारी कासव शीतनिद्रेत गेलं तर कित्येकदा उठत नाही. आणि ती कधी माती उकरून अंडी घालताना दिसली तर घाबरू नका, नर जवळ नसतानाही माद्या अंडी घालतात. त्या वेळी कॅल्शियम वाढवा आणि डॉक्टरांना कळवा.

तुम्ही दर दोन वर्षांनी डिसेंबरात पुण्याला महिनाभर जाता. या महिन्याची सोय आत्ता कागदावर लिहा. कुत्र्यासारखं तिला कुठे ठेवता येणार नाही, पण एखाद्या ओळखीच्या कुटुंबाला आधी दोन शनिवार-रविवार घरी बोलावून शिकवता येईल. रोज पाणी, एक दिवसाआड खाणं, दिवे टायमरवर. केरीत मराठी घरांची वाण नाही, आणि तुमच्या मुलासारखी हट्ट करणारी मुलं त्या घरांतही असतील. बघता बघता तुमच्या माघारी तिला ओळखणारं दुसरं घर तयार होईल. हेच घर उद्या तिचं पुढचं घर ठरू शकतं.

कायमचं परत जावं लागलं तर तिला सोबत नेण्याचा विचार करू नका. बॉक्स टर्टल आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटीस करारात आहे, दोन्ही देशांच्या परवानग्या लागतात आणि त्या प्रवासात तिचं काहीच भलं नाही. तिची जागा तिथेच.

आता माझं स्पष्ट मत. तुम्ही लगेच दत्तक घेऊ नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. संस्थेला विचारा की सहा महिने ते वर्षभर तिला तात्पुरती सांभाळायला द्याल का. बऱ्याच संस्थांना अशी घरं हवीच असतात आणि त्या काळात डॉक्टरचा खर्च काही संस्था उचलतात. एक हिवाळा आणि एक उन्हाळा गेला की तुम्हाला तुमचं कळेल: मातीचा ओलावा कोण पाहतं, गांडुळं कोण चिरतं, मुलगा वहीत लिहितो की नाही. मग दत्तकाच्या करारावर सही करताना एक कलम नीट वाचा. चांगल्या संस्था लिहून घेतात की तुम्हाला जमलं नाही तर प्राणी त्यांच्याकडेच परत करायचा, परस्पर कुणाला द्यायचा नाही. काही लोकांना ते अविश्वासाचं वाटतं. तुमच्यासारख्यांसाठी तेच कलम आधार आहे.

काही घरांना मात्र मी सरळ नाही म्हणायला सांगेन. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, कुणावर केमोथेरपी चालू असेल, कुत्र्याला तोंडात धरायची सवय असेल, किंवा सगळे वर्षातले चार महिने फिरतीवर असतील, तर नाही म्हणणं हेच त्या कासवाच्या हिताचं. अशा घरांनी संस्थेला एखादं कुंपण बांधायला मदत करावी, यूव्हीबी दिव्यांचा एक खोका द्यावा. मागच्या अंगणातली पानगळ सगळी झाडून पिशव्यांत भरू नये, आणि गवत कापायच्या आधी एक फेरी मारून पाहावं. रानातल्या डॉटींसाठी हे फार मोठं काम आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे उत्तर वाचून कासव आणायला मात्र निघू नये. आपल्याकडची चांदणी कासवं आणि तळ्या-विहिरीतली देशी कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात, ती घरात ठेवणं गुन्हा आहे, वास्तूसाठी असो की प्रेमाने. कुणाकडे असेल किंवा कुठे सापडलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं, कानापाशी लाल पट्टा असलेलं हिरवं कासव मूळचं अमेरिकेतलं. ते ताटाएवढं झालं म्हणून देवळाच्या तळ्यात किंवा नदीत सोडू नका. तिथल्या देशी कासवांचं अन्न आणि उन्हाची जागा ते बळकावतं. घरात ठेवणं जमत नसेल तर प्राणी-मदत संस्थेच्या ताब्यात द्या.

मैत्रिणी, संस्थेला फोन कराल तेव्हा हे विचारा. आली तेव्हा तिचं वजन किती होतं आणि आज किती आहे? विष्ठेची तपासणी झाली का? दुसऱ्या कासवांसोबत ठेवली होती का? सध्या ती काय खाते, आणि काय पुढे ठेवलं तर तोंड फिरवते? तात्पुरतं सांभाळायला देता का, आणि परत करायचं कलम करारात आहे का? या उत्तरांवर आणि घरमालकाच्या पत्रावर तुमचा निर्णय एका आठवड्यात होऊ शकेल. तो 'नाही' असा झाला तर महिनाअखेरीची वाट पाहू नका, त्याच दिवशी कळवा. त्यांच्या यादीत तुमच्या खाली आणखी कुणाचं तरी नाव असेल.